निळ्याची जोडी

“गडबड हाय काय?”

गिऱ्हाईक पायरी चढून आत येतंय तोच अण्णा हे विचारायचे. कन्नड बोलणारं असलं तर, “गडबड ऐतेन्री?” समोरचा चुकून हो म्हणाला की अण्णा हात जोडायचे. “मग उद्या या. खडा बघायला येळ लागतो.” आणि खरंच, त्या दिवशी काही दाखवायचे नाहीत.

बेळगावच्या खडेबाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. अण्णांचं रंगीत खड्यांचं दुकान माझ्या भिंतीला लागून होतं. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढंसं. गुंजीकडच्या शेतकरी घरातला हा माणूस तरुणपणी जयपूरला गेला, बारा वर्षं खडे घासायच्या चाकावर बसला आणि परत येऊन इथं दुकान थाटून राहिला. “खडेबाजारात खडे इकणारा मीच. बाकीच्यांनी दुसरीकडं जावं,” असं शेजाऱ्यांना ऐकवायचे.

विकण्यापेक्षा समजावून सांगण्यातच रमणारे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील. अण्णा खडा पांढऱ्या कागदावर ठेवायचे, कागद दारात न्यायचे आणि आतला दिवा बंद करायचे. “दिव्याखाली समदेच देखणे दिसत्यात.” खडा भट्टीत तापवून त्याचा रंग खुलवलेला असला, तर कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायचे.

एकदा ज्योतिषानं पाठवलेले एक गृहस्थ म्हणाले, “नीलम घातल्यावर किती दिवसांत गुण येतो?”

“ते मला ठाऊक न्हाय. हा लंकेतनं आलाय, तापवलेला हाय आन् आत एक बारीक चीर हाय. एवढं ठाऊक हाय.”

चीर म्हटल्याबरोबर गृहस्थ उठले. मी नंतर म्हटलं, “अण्णा, त्यांना कुठं दिसत होती चीर?”

“त्यास्नी न्हाय दिसली. मला दिसली न्हवं?”

तर अशा माणसाच्या बाबतीत जे घडलं, ते सांगतो.

निपाणीहून एक आक्का आल्या, बरोबर त्यांची लेक. आक्कांचा सगळा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीत माल निवडण्यात गेलेला. लेक कॉलेजात प्राध्यापक झाली होती, आणि आईला तिच्या आवडीचं काहीतरी घ्यायचं म्हणून घेऊन आली होती. आक्कांना कानातली फुलं हवी होती, निळ्या खड्याची.

“नीलम समद्यांना सोसत न्हाय म्हणत्यात,” अण्णांनी चाचपून बघितलं.

“म्हणू देत. आमच्या घरात निळा रंग मानाचा हाय. आन् मला गडबड न्हाय.”

अण्णा खूश झाले. एक नीलम निवडणं सोपं. दोन सारखे मिळवणं अवघड, कारण एका खाणीतले दोन खडेही एका रंगाचे नसतात. अण्णांनी पुड्यांमागून पुड्या उघडल्या. तासाभरानं दोन खडे कागदावर शेजारी ठेवले आणि म्हणाले, “ही जोडी.” मग सोनाराकडून फुलं घडवून घेतल्यावर निगा कशी राखायची ते सांगितलं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुवायचं, केसांना तेल लावताना फुलं काढून ठेवायची, हिऱ्याच्या दागिन्याबरोबर एका डबीत ठेवायची नाहीत, हिरा नीलमवरही ओरखडा काढतो.

मी चहाला म्हणून तिथं गेलो होतो. कागदावरचे दोन्ही खडे मी पाहिले. डावा निळाशार होता. उजव्यात हिरवट झाक होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. चाळीस वर्षं खडे बघणाऱ्याला मी काय सांगणार?

दोनेक महिन्यांनी अण्णा चष्मा काढून माझ्या काउंटरवर ठेवत म्हणाले, “नंबर बघ रं. हल्ली माल समदा मळका यायला लागलाय. दोन पार्सलं परत पाठवायची काढून ठेवलीत.”

मी बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे पाहिले. दोन्ही डोळ्यांतलं भिंग पिवळं पडून चहासारखं झालेलं.

“अण्णा, माल मळका नाही. मोतीबिंदू आहे. त्यातून निळा रंग नीट कळत नाही.”

अण्णांनी काउंटरवरचा चष्मा उचलला, धोतरानं पुसावा तसा बोटांनी पुसला आणि परत ठेवला.

“कवापासनं?”

“वर्ष तरी झालं असेल.”

“मग ती निपाणीची जोडी?”

मी मान खाली घातली. “एक हिरवट होता, अण्णा.”

“तवाच बोलला न्हाईस?”

“वाटलं, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.”

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण हळूच म्हणाले, “कळतंय रं. पर दिसायला पायजे न्हवं?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघं निपाणीला निघालो. अण्णांच्या आतल्या खिशात खड्यांच्या पुड्या होत्या आणि सबंध वाटभर त्यांचा हात खिशावर होता. संकेश्वर मागं पडल्यावर म्हणाले, “माफी मागायची सवय न्हाय मला. काय म्हणू?”

आक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. कानात तीच फुलं. अण्णा बसलेसुद्धा नाहीत.

“आक्का, माझी चूक झालीया. जोडी जुळलेली न्हाय. माझ्या डोळ्यांनी दगा दिला.”

“ठाऊक हाय मला,” आक्का म्हणाल्या. “उजवा हिरवट हाय. घरी आल्या दिवशीच दिसलं.”

“मग परत का आला न्हाय?”

“लेकीनं लई हौसेनं घेऊन दिलं. तिला कशाला वाईट वाटू द्यायचं? आन् तुमी तासभर जीव लावून निवडलेलं मी बघितलं न्हवं?”

अण्णांनी डोळे पुसले. मग पायरीवर पांढरा कागद पसरून पुड्या ओतल्या आणि मला म्हणाले, “तू बघ.”

मी बघत बसलो. पाच-सहा खडे मला अगदी सारखेच वाटत होते. आक्कांनी शेंगांची टोपली बाजूला सारली, हात धुऊन पदराला पुसले. “सरका जरा.”

कानातलं निळं फूल काढून त्यांनी कागदावर मधोमध ठेवलं आणि एका बोटानं खडे सारायला सुरुवात केली. “हा जांभळा. हा कोरडा. ह्यो उन्हात बरा, सावलीत मरतोय.” अण्णा गुडघ्यावर हात टेकून, वाकून ऐकत होते. पाच मिनिटांत एकच खडा उरला. मी कागद उन्हात नेला, सावलीत आणला. जोडी तंतोतंत होती.

“हे कुठं शिकलासा?” अण्णांनी विचारलं.

“वखारीत. पिकलेलं पान कुठलं, करपलेलं कुठलं, रंगावरनंच काढायचं. चुकलं की मुकादम वरडायचा.”

अण्णांनी जरा बिचकतच उरलेल्या खड्यांकडं बोट केलं. “आन् हे कसं वाटत्यात? मळका माल म्हणून परत पाठवणार हुतो.”

“परत? येडं का काय तुमी? झ्याक माल हाय की.”

अण्णा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. निघताना आक्का म्हणाल्या, “लेकीला मी सांगते. तुमी डोळ्याचं बघा.”

परतीच्या बसमध्ये अण्णा म्हणाले, “ऑपरेशन कुठं करायचं ते सांग. भ्या वाटतंय, पर करूया.” तोवर दुकानाच्या दारावर त्यांनी माझ्याकडून पाटी लिहून घेतली : ‘मालकाचे डोळे दुरुस्तीला आहेत. विक्री बंद.’ बाजारातली माणसं वाचून हसायची. अण्णांनी पाटी काढली नाही.

ऑपरेशनं झाल्यावर अण्णांनी आणखी दोन वर्षं दुकान चालवलं. गेल्या साली ते गावी राहायला गेले. आता माझ्या शेजारी मोबाइलची कव्हरं मिळतात.

अण्णा म्हटलं की मला पहिल्या डोळ्याची पट्टी काढल्याचा दिवस आठवतो. दवाखान्यातून रिक्षानं येत होतो. खडेबाजाराच्या तोंडाशी अण्णा एकदम ओरडले, “थांब, थांब!” उतरले आणि एका प्लॅस्टिकच्या दुकानापुढं जाऊन उभे राहिले. दारात दोरीला बादल्या टांगल्या होत्या. अण्णांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. पुन्हा पहिला.

“एवढी निळी असती व्हय बादली?”

मागं गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. दुकानदारानं विचारलं, “अण्णा, कुठली काढू?”

ती बादली मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी सांभाळत, अण्णा घरी गेले.