उजव्या हाताचा घास

खराडीच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी संपत आली होती, तेवढ्यात माझ्या भाचीचा, मीनलचा, फोन आला. "आत्या, बाबा गेले... जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." थोरला भाऊ गेल्याचं कळल्यावर माणूस काय विचारतो? मी विचारलं, "जेवला होता ना नीट?" ती म्हणाली, "हो. स्वतःच्या हातानं." तेव्हा कुठे मला रडू फुटलं. कुणाला हा वेडेपणा वाटेल, पण त्या स्वतःच्या हातासाठी आमच्या घरात जे रामायण झालं, ते त्यानं पाहिलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही अडखळत परत आलं, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. आम्ही चमचा डाव्या हातात दिला, तर त्यानं तो खाली ठेवला. "डाव्या हातानं जेवायचं? त्यापरीस उपाशी ऱ्हाईन." मी म्हटलं, "राहा, तेवढंच धान्य वाचेल." पण वहिनीला कुठलं बघवतंय? ती भरवायला लागली.

व्यायाम करून घ्यायला एक अकोल्याकडची फिजिओथेरपिस्ट यायची. ती म्हणाली, "काका, हात शाबूत आहे तुमचा. त्याला हलवणारा मेंदूतला भाग गेलाय. ते काम आता आजूबाजूच्या भागाला शिकवायचं. हात रोज वापरावाच लागला, तर मेंदूत खरोखर नवी जोडणी होते. नाही वापरला, तर मेंदू त्याची जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकतो." आमची धायरीची शेती कधीच इमारतींखाली गेली, पण दादाचं डोकं शेतकऱ्याचंच. म्हणाला, "पाट फुटलाय, तर पाणी दुसऱ्या सरीतनं वळवायचं. दारं धरायचंच काम हाय की." ती हसली. "तसंच. आणि डाव्या हातानं जेवायचं नाही, हा हट्ट सोडू नका. बाकीचे डाव्यावर भागवतात, म्हणून उजवा तसाच राहतो. पण भरवणं आजपासून बंद. हे पहिले महिने हातचे गेले, तर पुढे फार अवघड आहे."

वहिनीनं मान डोलावली. आठवडे गेले, हात ढिम्म. एका दुपारी मी न कळवता धायरीला गेले, तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, आत दादा खुर्चीवर आणि वहिनी त्याला वरणभात भरवतेय... चोरून! माझं डोकंच फिरलं. "वहिनी, जन्माचा लुळा करताय तुम्ही त्याला."

"वन्सं, भरल्या ताटापुढं माणूस उपाशी बसलेला तुम्हाला बघवतो. मला नाही बघवत."

दादानं डाव्या हातानं तोंड पुसलं. "उद्यापासनं तू भरवलंस, तर मी पानावरनं उठंन," तो वहिनीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेले. आमटीत कुस्करलेली भाकरी दादापुढे, आणि वहिनी, मीनल, मी अशा आम्ही तिघी समोर. बोटं ताटापर्यंत जायची, मिटायची नाहीत. मिटली, तर घास मांडीवर. पुन्हा. पुन्हा मांडीवर. आमटी गार झाली, कुणीच जेवेना. वहिनीनं पदर मुठीत असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. दादाच्या कपाळावर घाम... मला वाटलं, पुरे झालं, भरवा त्याला. तोंडाशी आलं होतं माझ्या. आणि घास वर गेला. निम्मा मिशीत, निम्मा तोंडात. दादानं तो सावकाश चावला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय." वहिनी उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे हात पूर्ण कधीच सुधारला नाही, पण जेवणापुरता आला. एका जेवणाला त्याला तासभर लागायचा. थोरल्याचं झाल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत, त्यामुळे आख्खं घर त्याच्या चालीनं जेवायला शिकलं. मला आपलं वाटायचं, नवी जोडणी फक्त दादाच्या मेंदूत झाली.

गेल्या रविवारी धायरीला गेले होते. आम्ही तिघीच जेवलो. मीनल ताटं उचलायला लागली, तशी वहिनी सहज म्हणाली, "थांब गं, ह्यांचं व्हायचंय अजून."

मीनलनं ताट खाली ठेवलं. आम्ही तशाच बसून राहिलो.