वैजूच्या बसायच्या दोन जागा

शेवटचं नीट बोलणं झालं ते हॉस्पिटलात, मी चाकणला सेकंड शिफ्टला निघालो होतो तेव्हा. वैजूनं हाताला धरून थांबवलं. मंडळाच्या चिटणीस सुनंदाताईंना सांगून वेबसाइटवरचं तिचं ॲडमिनचं खातं बंद करायचं, असं म्हणाली. मी म्हटलं, घरी ये, मग तूच कर. तर म्हणाली, "पासवर्ड तुम्हाला माहितीये. तुम्ही बघाल." माझ्यावर विश्वास नाही का, मी जरा रागानंच विचारलं. "आहे की. पण तुम्ही बाप आहात..." शिफ्ट सुटायच्या आत केतकीचा, आमच्या मुलीचा, फोन आला.

माझी बायको वैजयंती तळवड्याच्या एका छोट्या आयटी कंपनीत होती. आम्ही मूळचे लातूरकडचे, राहायला कासारवाडीत. इकडं आलेल्या आमच्या लोकांच्या मंडळाला वधू-वर वेबसाइट तिनं हौसेनं बनवून दिली. घरांनी स्थळं बघायची, नकार असेल तर कारण फक्त मंडळाला कळवायचं, म्हणजे पुढचं स्थळ सुचवायला बरं. लॉगिनचं दार सगळ्यांना एकच. मंडळाच्या लोकांना तेवढी चार बटणं जास्त दिसायची. बाकीच्यांना दिसत नाहीत म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं.

मग मंडळातल्या एकानं नकारांच्या पानाची लिंक चुकून ग्रुपवर टाकली. दापोडीच्या एका गृहस्थांनी ती दाबली, आपल्याच नावानं लॉगिन केलं आणि पान सरळ उघडलं. लेक शेजारीच बसलेली. चालताना पाय ओढते, फोटोपेक्षा थोराड दिसते... सगळं बापलेकींनी एकत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडं आले. आवाज चढवला नाही. "ताई, लेकीचं नाव काढून टाका. ती म्हनती, मला आता कुनालाच दाखवू नका." वैजूनं नाव काढलं. त्या मुलीला नंतर पुष्कळदा फोन केले, तिनं एकदाही उचलला नाही. वैजूच्या मनाला ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

"मी पडदा लावला होता, भिंत घातलीच नव्हती," एवढंच ती म्हणायची. मग तिनं भिंत घातली. ॲडमिनचं दार वेगळं, खातं वेगळं, आणि आतल्या प्रत्येक पानावर पुन्हा विचारणा, तू कोण. आमच्या कंपनीत कामगाराचं कार्ड ऑफिसच्या गेटला चालत नाही, तसं. अध्यक्ष कुरकुरले, मला दोन-दोन लॉगिन कशाला? त्यांच्याही मुलाचं नाव साइटवर होतंच. एक अध्यक्ष म्हणून आणि एक बाप म्हणून, असं तिनं सांगितल्यावर गप्प बसले.

केतकीचं नाव घातलं तेव्हा हा नियम तिनं स्वतःलाही लावला. मंडळाचं काम खुर्चीत बसून, कॉम्प्युटरवर. केतकीची स्थळं मात्र खिडकीजवळच्या दिवाणावर बसून, मोबाइलवर, आईच्या लॉगिननं. चहासुद्धा दिवाणावरच. केतकीला आलेले नकार सुनंदाताईंनी बघायचे, हिनं नाही. खुर्चीतून दिवाणावर बदली झाली का बाई, अशी मी चेष्टा करायचो. ती हसायची आणि इतर आयांसारखी वाट बघत बसायची. आजारपणात एकदा, सुनंदाताई गावी असताना, लग्न ठरलेल्या मुलाचं नाव उतरवायला तिनं नाइलाजानं पासवर्ड मला सांगितला. त्या दिवशी ती जेवली नाही.

चाकणचं एक स्थळ तिच्यादेखत येऊन गेलं होतं. मुलगा केतकीच्या मनात भरला होता; ती बोलली नाही, पण मला कळत होतं. वैजू गेली आणि त्यांच्याकडून काहीच कळेना. आईचा आजार उद्या मुलीतही येईल, असं तर लिहिलं नसेल? हेच मला आतून खात होतं. सुनंदाताईंना द्यायचा निरोप मी आज-उद्या करत राहिलो. गेल्या रविवारी खुर्चीत बसलो, पासवर्ड टाकला. नकारांच्या पानाचं बटण तेवढं दाबायचं होतं.

केतकी चहा घेऊन आली. तिनं स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. कप माझ्यापुढं ठेवला नाही.

"बाबा, चहा दिवाणावर ठेवते."

मी उठलो. दिवाणावर बसूनच सुनंदाताईंना फोन केला, खातं बंद करायला सांगितलं. मग मोबाइलवर वैजूचं, आई म्हणून असलेलं लॉगिन उघडलं. चाकणच्या नावापुढं 'उत्तर यायचं आहे' एवढंच होतं. केतकी शेजारी येऊन बसली. चहा गार होत गेला... भिंत वैजूनंच घातली होती, पण त्या भिंतीच्या अलीकडं आई म्हणून बसून राहणं तिला किती जड गेलं असेल, हे मला तिथं बसल्यावर कळलं.