कानाची कूर्चा आणि आत्याबाईंची बुगडी

आमच्या आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, मोत्यांची बुगडी होती. जोड एकच आणि सुना दोन. मी थोरली. एक दिवस भाकरी थापता थापता त्यांनी निकाल दिला, "जिच्या कानाला वर भोक, तिची बुगडी." आम्हा दोघींचे कान फक्त पाळीला टोचलेले, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी सोनाराकडं गेले, तर धाकटी जाऊ आधीच कान पुढं करून बसलेली. मीही शेजारी बसून कान पुढं केला. सोनारानं एकाच सुईनं दोघींचे उजवे कान टोचून तार घातली. डावे पुढच्या बाजारी म्हणाला. माझ्या वेळी त्यानं सुई धोतराला पुसली. थोरलेपणाची तेवढी कदर केली म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दोघींचे कान भज्यासारखे फुगले. आत्याबाईंनी हळद लावली, मग तूप, मग चुलीतली राख. लहानपणी पाळी टोचली तेव्हा हेच लावलं होतं आणि चार दिवसांत खपली पडली होती. पाळी काय नि वरची कड काय, कान तो कान, असा घरातला हिशेब.

परभणीला दवाखान्यात जावं, तर नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद. आमचे पुरुष ओट्यावर बसून विद्यापीठाला कुणाचं नाव असावं यावर दिवसभर वाद घालायचे. त्यातला एकही चौथीच्या पुढं गेलेला नव्हता. पण नाव बदललं तर यांचीच पदवी बुडणार, असा आव.

आणि गावातच सरकारी नर्सबाई होत्या. इंजेक्शन, औषधं, शिक्षण, सगळं होतं त्यांच्याजवळ. फक्त राहायच्या बौद्धवाड्यात. जावेचं बाळंतपण अडलं तेव्हा त्यांनाच हात जोडून आणलं होतं. अडलेल्या बाळाला कुणी वाडा विचारत नाही. कानाला मात्र विचारायचं ठरलं.

"कान गेला तर जाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या, "घराचं नाक जायला नको."

मी जावेला म्हणलं, "चल, दोघी जाऊ."

"तुमी जा, आक्का," ती म्हणाली. "मी बसते हितंच." बुगडीचं एक गिऱ्हाईक कमी होतंय हे तिनं लगेच ताडलं होतं.

मी गेले. नर्सबाईंनी कान बघितला.

"काय काय लावलं?"

"हळद."

"आन?"

"तूप. राख."

"मंग फोडणी तेवढी ऱ्हायली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याच डाव्या कानावर मला समजावलं. खालची पाळी मऊ, तिथं रक्त खेळतं, म्हणून लवकर भरते. वर बोटाला काडीसारखं लागतं ते हाड नव्हे, कूर्चा. दुमडून सोडलं की जागेवर येतं, म्हणून कानाला आकार राहतो. नाकाच्या शेंड्याला तीच, श्वासाच्या नळीला तीच, गुडघ्यात हाडावर हाड घासू नये म्हणून तीच. पण तिच्यात रक्ताची एकही शीर नाही. कातडीतून जे झिरपून येईल त्यावर ती जगते.

मला तर घरातली सूनच आठवली. सगळ्यांचा आकार धरून ठेवायचा, आणि खायचं काय, तर उरलंसुरलं झिरपेल ते.

"आता मधी पू साचलाय," नर्सबाई म्हणाल्या. "कातडी सुटली की कूर्चा उपाशी मरती. मंग कान चुरगळतो, तो सरळ व्हत न्हाई. ही तार काढावी लागंल. पर भोक बुजंल बरं का. बोला."

मोत्यांचा तो जोड माझ्या डोळ्यापुढं आला. मी म्हणलं, "काढा."

त्यांनी पू काढला, पाच दिवस इंजेक्शनं दिली. रोज त्या वाड्यातून परत आले की आत्याबाई माझ्यावर घागरभर पाणी ओतायच्या आणि मग विचारायच्या, "ठणका कमी हाय का?"

माझा कान सरळ राहिला. आठ दिवसांनी जाऊ तापानं फणफणली, तेव्हा आत्याबाईंनीच तिला मागल्या दारानं नर्सबाईंकडं धाडलं. कान वाचला, पण वरची कड गेली. भोकाच्या जागी नुसती खाच, आणि कान आत वळलेला.

आत्याबाई शब्दाच्या पक्क्या. टोचणी तिनंच निभावली, म्हणून बुगडी तिला. आम्ही तिघी अंगणात बसून अर्धी दुपार ती बसवायला बघत होतो. फिरकी धरायला जागाच नव्हती.

"ऱ्हाऊ दे," शेवटी आत्याबाई म्हणाल्या. "पेटीत ठेव. तसंही आपल्यात डोईवर पदर असतो. कान कुणाला दिसतोय?"

जाऊ बुगडीकडं बघत म्हणाली, "हे टोचायच्या आधी का न्हाई सांगितलं, आत्याबाई?"

आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या.