पाचव्या डब्यातलं घर

"सिनेमा डोळ्यांनी बघणारे पुष्कळ, मी बोटांनी बघते," असं मावशी एकदा म्हणाल्या होत्या. त्यात फुशारकी नव्हती. एका वितरकाच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं रिळं तपासली. थिएटरातून परत आलेली प्रिंट टेबलावर चढवायची, डाव्या हातानं चाक फिरवायचं आणि उजव्या हातातल्या सुती मोज्यातून फिल्मची कड सरकू द्यायची. कडेचं भोक फाटलं असेल तिथं मोज्याचा धागा अडकतो. थांबायचं, कापायचं, जोडायचं. मावशींचा जोड किंचित तिरपा असे. साहेब ओरडायचे, "सरळ कापायला काय होतं हो तुम्हाला?" मावशी म्हणायच्या, "सुटला तर बोला." तो कधी सुटला नाही.

गोदाम बंद झालं आणि त्या घरी बसल्या. सून आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सासूबाईंच्या हाताखालून हजार सिनेमे गेलेत, पण एकाचीही गोष्ट विचारू नका!" ते खरंच होतं. थिएटरात जाऊन बसायची हौस त्यांना कधी झाली नाही.

मग मास्तर आले. शाळेत भूगोल शिकवायचे, आणि रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत असे सिनेमे दाखवायचे, जे कधी आले नि कधी गेले ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यातल्या एकानं त्यांना पार झपाटलं होतं. त्यात एक पोस्टमन आणि त्याची आजारी बायको. तीसेक वर्षांपूर्वी हा सिनेमा एका थिएटरात चार दिवस टिकला होता. एकुलती एक प्रिंट, आणि तिच्यावरून उतरवलेली एक धुरकट कॅसेट, जी शौकिनांमध्ये हातोहाती फिरत राहिली. शौकीन जीव टाकत ते एका जागेवर. बायको मरते, घर रिकामं होतं, आणि अचानक तीच बाई स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला स्टोव्ह पेटवायला शिकवते. मेलेलं माणूस काही न सांगता परत येतं. मास्तरांनी त्यावर बत्तीस पानांची पुस्तिका काढली होती.

"मावशी, मूळ प्रिंट सापडली," मास्तर दारातूनच म्हणाले. "सात डबे. रविवारी दाखवायचीय. दिग्दर्शक स्वतः येतायत, सहा वर्षं पत्रं लिहीत होतो मी त्यांना. एकदा हात फिरवाल?"

वाचनालयाच्या टेबलावर मावशींनी एकेक रीळ चढवलं. चौथ्याच्या शेवटी बाई दवाखान्याच्या पायरीवर उभी होती, हातात पिशवी. पाचव्याची सुरुवात त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. रिकामी खाट. त्यांनी सहावं उघडलं. तीच पिशवी, तीच बाई, घराच्या दारात.

मावशींचा हात थांबला. दोन्ही रिळांच्या तोंडाशी आकडा लिहिलेली कोरी पट्टी होती, आणि दोन्ही पट्ट्यांना जोड होता. तिरपा.

त्यांना तो दिवस आठवला नाही, पण काय झालं असणार ते लख्ख दिसलं. सेन्सॉरला दाखवून आलेल्या प्रिंटच्या दोन्ही पट्ट्या फाटक्या असतील, दोन्ही एकदमच काढून ठेवल्या असतील, आणि लावताना याची त्याला लागली असेल. प्रिंट तशीच थिएटरात गेली.

"मास्तर, बाई परत येत नाही."

"म्हणजे?"

"दवाखान्यातून घरी येते, स्टोव्ह शिकवते, मग जाते. पाच-सहाची अदलाबदल झालीय. माझ्या हातून."

मास्तर खुर्चीत बसले. "अहो, पण माझी बत्तीस पानं!"

"पुस्तिका चांगलीच असेल हो. सिनेमा दुसरा आहे, एवढंच."

मास्तर हसले. "मावशी, आपण गुपचूप पट्ट्या बदलू. दिग्दर्शकांना कशाला सांगायचं? ते पहिल्या खेळालाच उठून गेले होते म्हणे. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही, विम्याच्या कचेरीत निवृत्त झाले. बिथरले नि परत गेले तर?"

मावशींनी पट्ट्या बदलल्या. मास्तरांचं ऐकून गप्प बसणं सोपं होतं. चार रात्री त्या कूस बदलत राहिल्या. एका माणसाचं आयुष्य आपण मोज्यातल्या बोटांनी दुसरीकडे जोडून टाकलं, आणि आपल्याला धागा अडकल्याचंसुद्धा कळलं नाही.

रविवारी दिग्दर्शक वेळेच्या आधीच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, चेहरा दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसाचा. मास्तर पडदा ताणत होते. मावशी दिग्दर्शकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या सिनेमाचं पाचवं आणि सहावं रीळ मी उलटं लावलं होतं. तेव्हा. चारही दिवस तसंच चाललं."

मास्तरांच्या हातून दोरी सुटली.

"मी आत बसलोच नव्हतो," दिग्दर्शक म्हणाले. "धीर होईना म्हणून बाहेर व्हरांड्यात उभा होतो. ती स्टोव्ह शिकवते तिथं सगळं थिएटर हसलं. खो खो हसलं. ते ऐकलं आणि घरी गेलो."

"मेलेली बाई स्टोव्ह पेटवायला आली, म्हणून हसले असतील."

"हो," ते सावकाश म्हणाले. "मीसुद्धा हसलो असतो." छत्री खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "बाई, हे तुम्ही सांगितलं नसतं, तर आज मी पुन्हा व्हरांड्यातच उभा राहिलो असतो. बसा. शेजारीच बसा."

खोली भरली, दिवे गेले. मावशी आयुष्यात पहिल्यांदा मोज्याशिवाय सिनेमा बघत होत्या. चौथं रीळ संपेपर्यंत त्यांना गोष्ट धड कळली नाही. त्या नुसत्या वाट बघत होत्या. शेजारी दिग्दर्शक पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होते.

बाई घरी आली. पिशवी ठेवली. नवऱ्याच्या हातात काडी दिली आणि म्हणाली, पंप हळू मार, घाई करू नकोस. काडी विझली. दुसरी विझली. खोलीत कुणी हललं नाही. तिसरीला निळी ज्योत धरली, आणि मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

दिग्दर्शक आता दाराकडे बघत नव्हते. ते पुढे वाकून पडद्यावरच्या बाईचं वाक्य तिच्याबरोबर ओठांनीच म्हणत होते, आणि पुढचं, आणि त्याच्या पुढचंही.

जोड टिकला होता; मावशींचं काम झालं होतं. त्या उठल्या. पडद्यावरची नजर न काढता दिग्दर्शकांनी पाय बाजूला घेतले, आणि मावशी अंधारात भिंतीला हात लावत बाहेर पडल्या.