धोट्यांनी नाक्यावर सांगितलं ते

दिगंबर धोटे मूळचे वर्ध्याचे. भोपाळच्या कारखान्यात मोटारींच्या कॉइल गुंडाळण्याच्या विभागात त्यांचा जन्म गेला, आणि राहायला पिपलानीच्या क्वार्टरमध्ये, आमच्या भिंतीला भिंत लावून. दुसऱ्याने तपासलेली कॉइल ते पुन्हा तपासत. भाजीवाल्याच्या पारड्याखाली हात फिरवून बघत. या स्वभावामुळेच मराठी मंडळाची सहल दरवर्षी त्यांच्याकडे असे. धोटे बरोबर असले की कुणी फसवणार नाही, अशी सगळ्यांची खात्री.

२००४ साली आम्ही दसऱ्याला बस्तरला गेलो. तिकडच्या नक्षलवाद्यांच्या बातम्या पेपरात येत होत्या, म्हणून काही घरं गळाली. पण जगदलपूरचा रथ बघायचाच असा सिंधूवहिनींचा, म्हणजे धोट्यांच्या बायकोचा, हट्ट होता. भोपाळच्या हबीबगंज स्टेशनहून रायपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. आम्ही अठरा माणसं होतो.

लॉजवाल्या गोविंदने आम्हाला एक वाटाड्या दिला. सुकालू मरकाम त्याचं नाव. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं आणि नोकऱ्या एका कागदावर लिहून मागितल्या. धोट्यांनी कागद दिला, पण त्या क्षणापासून त्यांची नजर सुकालूवरून हटली नाही.

रथ झाला, धबधबा झाला. तिसऱ्या दिवशी पितळी मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांचं एक गाव बघायला निघालो. वाटेत सुकालू तीनदा उतरला. झाडांच्या कडेला उभ्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलला आणि एकदा तर बसचा रस्ताच बदलायला लावला. फोटो काढू नका म्हणाला. आमच्या मंडळातल्या, जवानासारखे बारीक केस कापलेल्या जयंतला त्याने सगळ्यात शेवटी उतरायला सांगितलं. धोटे माझ्या कानाशी लागले, “हा कुणाचा माणूस आहे, लक्षात येतंय का?”

तो नक्षलवाद्यांचा असावा, असं मलाही वाटू लागलं होतं.

गावात आम्ही शिरताच बायकांचं बोलणं थांबलं. एका म्हातारीने जयंतकडे बघत सुकालूला काहीतरी विचारलं. तो बराच वेळ तिला समजावत राहिला. मग मुली नाचल्या, पण आमच्याकडे न बघता. भट्टीपाशी बसलेल्या कारागिराने मेणाच्या धाग्यांनी घोडा कसा घडवतात ते दाखवलं. वहिनींनी त्याच्याकडून एक घोडा घेतला आणि आम्ही परतलो.

येताना पोलिसांच्या नाक्यावर बस अडवली. कुठे गेला होता, एवढंच जवानाने विचारलं. धोटे खाली उतरले आणि त्यांनी सगळं सांगितलं: कागद, तीन थांबे, बदललेला रस्ता. सुकालूला उतरवून घेतलं आणि आम्हाला पुढे जायला सांगितलं. खरं सांगायचं तर आम्हाला सुटल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर धोट्यांनी लॉजवर फोन लावला. आपलं बरोबर निघालं, हे त्यांना ऐकायचं होतं. गोविंदने वेगळंच सांगितलं. बाहेरून येणाऱ्यांची यादी पोलीसच मागायचे, म्हणून सुकालूने तो कागद घेतला होता. वाटेतल्या माणसांना तो पुढचा रस्ता सुरक्षित आहे का, हे विचारत होता. अकरा दिवस ठेवून पोलिसांनी त्याला सोडलं. पण पोलिसांकडून धडधाकट परत आला म्हणून आता गावं त्याला खबऱ्या समजत होती. तो घरी जाऊ शकत नव्हता.

जानेवारीत रजा टाकून धोटे एकटे जगदलपूरला गेले. सुकालू एका लाकडाच्या वखारीत कामाला होता. धोट्यांना बघून तो उठला नाही.

“अब की बार किसके लिए पूछने आए हो?” त्याने विचारलं.

माफी मागायला आलोय, असं धोटे म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं त्यांच्याकडे काही नव्हतंही. तिथून ते पोलीस ठाण्यात गेले. मी गैरसमजाने बोललो, हा माणूस निर्दोष आहे, असं लिहून दिलं. अधिकाऱ्याने कागद ठेवून घेतला आणि एका माणसासाठी भोपाळहून एवढ्या लांब का आलात, हे तीन वेळा विचारलं.

फेब्रुवारीत साध्या कपड्यांतले दोघे पिपलानीत आले. धोट्यांकडे कोण येतं, ते बस्तरला पुन्हा का गेले, असं घरोघरी विचारत होते. माझंही दार वाजलं. धोट्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं. तरी मी म्हणालो, “तशी फारशी ओळख नाही. शेजारी आहेत, इतकंच.”

चौकशीतून काही निघालं नाही. पण पुढची सहल दुसऱ्याकडे द्यावी असं मंडळात ठरलं, आणि ते सुचवणारा मीच होतो. धोट्यांनी विरोध केला नाही. मी दारावर काय बोललो ते त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर ते वर्ध्याला गेले. निघायच्या दिवशी वहिनी आमच्याकडे निरोप घ्यायला आल्या, चहा घेतला. धोटे फाटकाबाहेरच उभे राहिले. या ना आत, असं मी म्हणालो. “इथंच ठीक आहे,” ते म्हणाले आणि रिक्षा येते का ते बघू लागले.