थांबणारं नळकांडं

दम्याच्या पंपाला लावायचा स्पेसर मी घरात येऊ दिला नाही, ही चूक माझीच. डॉक्टरांनी सांगूनही मी सुमनला, माझ्या बायकोला, म्हणालो, "एवढं मोठं नळकांडं कशाला? दाबायचं आणि ओढायचं. तुलाच जमत नाही." धाप लागली की तिला दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ साधायचा नाही. औषध जिभेवरच राहायचं.

शेवटी मुलीने स्पेसर आणलाच. आज सकाळी सुमनने पंप हलवून त्याला लावला आणि दाबला. फवारा त्या पारदर्शक नळीत तिची वाट बघत राहिला. तिने तो सावकाश आत घेतला, थोडा धरून ठेवला. तिचे ताठलेले खांदे सैल झाले आणि मलाही हायसं वाटलं. रस्त्याने जन्मभर मी तिच्या पुढे चालत आलो, मागे वळून "चल लवकर" म्हणत. श्वास घेणाऱ्यासाठीही कुणाला तरी थांबावं लागतं, हे मला सुचलंच नव्हतं.

चूळ भरून ती म्हणाली, "काय बघताय? हे तुमच्यापेक्षा बरं. माझ्यासाठी थांबतं तरी."

ती हसत होती. मला हसता आलं नाही.

"सुमन, चुकलं माझं," मी म्हणालो. "तुला जमत नव्हतं असं नाही. मीच थांबत नव्हतो."