मुकादम म्हणजे पुढचा

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी कासूला आले, तेव्हा सासूबाई खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होत्या. त्या वर्षी जुना मुकादम थकून घरी बसला आणि मालकाने त्याच्या जागी सासूबाईंना नेमलं. मिठाचं पाणी कधी सोडायचं, मीठ कधी ओढायचं, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

पण त्यांना हाक काय मारायची, यावरून गडी अडले. कुणी म्हणालं, "मुकादमीण म्हणू." सासूबाई म्हणाल्या, "मुकादमीण म्हंजे मुकादमाची बायको. माझा नवरा रेल्वेत होता." मग सगळे पूर्वीसारखं 'काकू'च म्हणत आणि सांगितलेलं काम निवांत करत.

त्याच महिन्यात आम्ही दोघी रोह्याला माझ्या नणंदेकडे गेलो. तिच्या शेजारचे चाचा बरीच वर्षं कुवेतच्या एका पोलीस ठाण्यात स्वयंपाकी होते. चहा पिताना सासूबाईंनी आपली अडचण त्यांना सांगितली.

चाचा खूश झाले. "अहो ताई, मुकादम हा अरबीच शब्द. मुकद्दम. म्हणजे पुढे ठेवलेला. तिकडे पोलिसात मोठ्या अधिकाऱ्याला मुकद्दम म्हणतात. मी रोज त्याला चहा नेऊन द्यायचो, तो उभा राहिला की अख्खं ठाणं उभं राहायचं."

"आणि बाई असली तर?"

"शेवटी आ लावायचा. मुकद्दमा."

"नको गो बाय," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो कोर्टात चालतो."

चाचांच्या हातातला चहा बशीत सांडला. हसता हसता ते म्हणाले, "तोही तिथूनच आलाय. शब्द एकाच घरातले, धंदे वेगळे."

परतीच्या गाडीत नागोठणं गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पुढं ठेवलेला. आन मी तर बांधावर उभी राहून सांगते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या साडीचा काष्टा घट्ट करून सगळ्यांच्या आधी मिठाच्या वाफ्यातल्या गार पाण्यात उतरल्या. गडी बांधावर विड्या ओढत होते. एकेकाने विडी विझवली आणि तोही पाण्यात उतरला. आठवडाभर हेच चाललं. शनिवारी, सगळ्यात जास्त कुरकुरणाऱ्या गड्याने विचारलं, "मुकादम, आज कुठला वाफा?"

"तिसरा," एवढंच म्हणून त्या चालत राहिल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना मात्र ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा त्या गड्याचा आवाज काढून.